कर्कश भक्तीची बाजू

1882 च्या सप्टेंबरमध्ये सॅल्व्हेशन आर्मीची पहिली तुकडी मुंबईला उतरली. ‘आर्मी’ येणार म्हणून पोलीस सज्ज होते, आणि बोटीतून उतरली ती अवघी चार माणसं. त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक टकर इंडियन सिव्हिल सर्व्हिसची नोकरी सोडून आलेला होता. या मंडळींनी देशी कपडे अंगावर चढवले, वाद्यं घेतली आणि ती येशूची गाणी गात मुंबईच्या रस्त्यांवरून निघाली. लवकरच त्यांना अटक झाली. खटले चालले, टकरना तुरुंगातही जावं लागलं. गुन्हा एवढाच, की बंदी असताना वाजतगाजत मिरवणूक काढली. पकडणारं सरकार ख्रिस्ती राणीचं, पकडलेले ख्रिस्ती, गाणीही ख्रिस्ताची. तरी बेड्या पडल्या. कारण देवळात आणि चर्चमध्ये बसलेल्या माणसांच्या मनात भक्तीची एक ठरावीक पट्टी असते. त्या पट्टीच्या वर आवाज गेला की ती भक्ती उरत नाही, गोंगाट होतो.

हा लेख त्या गोंगाटाच्या बाजूने आहे. आवाजाला स्वतःचा धर्म नसतो, आणि ज्याच्या अंगात जे संगीत भिनलेलं आहे त्याने त्याच संगीतात देवाला हाक मारावी, असं माझं म्हणणं आहे. त्याला एकच अट मी घालीन. तिच्याकडे पुढे येतो. या वादाचं सर्वांत टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या एका बँडच्या चाळीस वर्षांच्या वाटचालीत सापडतं, म्हणून आधी ती वाटचाल.

बँडचं नाव स्ट्रायपर. 1983 साली कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत मायकल आणि रॉबर्ट या स्वीट बंधूंनी, गिटारवादक ऑझ फॉक्स यांच्यासह तो उभा केला. बेस गिटारवर टिम गेन्स आले. त्याआधी ही मुलं ‘रॉक्स रेजीम’ या नावाने लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये इतर बँडसारखंच वाजवत होती. मोठे केस, घट्ट कपडे, कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी. मग त्यांनी ठरवलं, की संगीत हेच राहील, पण गायचं ते येशूविषयी. बायबलमधल्या यशयाच्या 53 व्या अध्यायातल्या पाचव्या वचनात फटक्यांच्या वळांनी (इंग्रजीत ‘स्ट्राइप्स’) मिळालेल्या आरोग्याचा उल्लेख आहे. त्यावरून बँडने नाव घेतलं आणि अंगावर, गिटारींवर, ड्रमवर, गाडीवर पिवळे-काळे पट्टे रंगवले. 1984 मध्ये पहिली छोटी रेकॉर्ड आली, 1985 मध्ये ‘सोल्जर्स अंडर कमांड’, आणि 1986 मध्ये ‘टू हेल विथ द डेव्हिल’. या तिसऱ्या रेकॉर्डच्या अमेरिकेत दहा लाखांवर प्रती खपल्या. ख्रिस्ती हेवी मेटलला हा पल्ला तोवर कुणी गाठून दिलेला नव्हता. एमटीव्हीवर लोक फोन करकरून त्यांची गाणी मागत.

त्या काळाची हवा लक्षात घेतली पाहिजे. 1985 मध्ये अमेरिकी सिनेटपुढे रॉकच्या गाण्यांतल्या मजकुरावर सुनावणी झाली. मेटल म्हणजे सैतानाची पूजा, ते ऐकून मुलं वाया जातात, असं घराघरांत बोललं जात होतं. अशा वेळी चार केसाळ पोरं स्टेजवरून सैतानालाच नरकात धाडत होती. चर्चने खूश व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. दूरदर्शनवरचे प्रसिद्ध धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांनी ख्रिस्ती रॉकवर कडाडून टीका केली आणि 1987 मध्ये त्याविरुद्ध पुस्तकच काढलं. यातला विलक्षण भाग असा, की 1975 च्या सुमारास स्वीट कुटुंब येशूकडे वळलं ते याच स्वॅगर्टांचे कार्यक्रम पाहून. ज्याच्या शब्दाने दार उघडलं, त्यानेच ते तोंडावर लावलं. दुसरीकडे मेटलचे कट्टर चाहते या बँडला ढोंगी म्हणत होते. मंडपात पाहुणे म्हणून आलेल्या आणि दोन्ही पक्षांनी पंगतीतून उठवलेल्या माणसासारखी त्यांची गत झाली.

पहिला आक्षेप असा, की हे संगीतच मुळात सैतानी आहे. तो टिकत नाही. विजेच्या गिटारचा फाटलेला, घरघरता आवाज हा यंत्रातून निघणारा आवाज आहे. तो पापी नाही आणि पुण्यवानही नाही. मेटलची सुरुवात ज्या ‘ब्लॅक सबाथ’पासून सांगतात, ती बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली पोरं. त्यांचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात, मशिनमध्ये तुटली. तारा दाबताना दुखू नये म्हणून त्यांनी बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल करून सूर खाली आणले, आणि त्यातून तो जड, दाबणारा नाद घडत गेला. या संगीताच्या मुळाशी कारखान्यातला अपघात आहे, कुठलीही मंत्रविद्या नाही. त्याच बँडने 1971 मध्ये देवावरच्या विश्वासाची उघड बाजू घेणारं गाणं केलं होतं, हे सैतानाचा शिक्का मारणाऱ्यांना बहुधा कुणी सांगितलंच नाही. खानदेशातल्या दोंडाईचासारख्या, मिरचीच्या बाजाराच्या आणि स्टार्चच्या कारखान्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला हे संगीत परकं वाटावं असं त्यात मला काही दिसत नाही. ते घामाच्या गावातूनच आलेलं आहे.

मराठीत हा वाद नवा नाही, आणि आपण तो चारशे वर्षांपूर्वीच एका अर्थी निकालात काढला होता. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट इंग्रज गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने येशूची कथा ओवीत सांगितली. 1616 मध्ये राचोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ओवी म्हटली की ज्ञानेश्वर आठवतात. पण ओवी ही काही कुणा एका देवाची मालमत्ता नव्हती. जात्यावरची बाई तीच ओवी गात होती, आणि स्टीफन्सने त्याच ओवीत बेथलेहेम आणलं.

त्यानंतर रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक 1861 मध्ये कोकणात करजगावला जन्मले, 1895 मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढची बरीच वर्षं त्यांनी अहमदनगरला काढली. त्या काळी मराठी चर्चमध्ये इंग्रजी-अमेरिकी गीतांची भाषांतरं परक्या चालीवर गायली जात. शब्द मराठी, सूर विलायती. गाणाऱ्याचा जीव त्यात अडकायचा. टिळकांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नगरला त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते उघड सांगत. तो पूल ओलांडल्यावर त्यांनी तो मोडून टाकला नाही. आजही मराठी चर्चच्या ‘उपासना संगीता’त त्यांची गीतं शेकड्यांनी आहेत. टाळ-मृदंग हे मूर्तिपूजकांचं, चर्चमध्ये ते कसं चालेल, हा प्रश्न त्या काळाचाच. चर्चमध्ये ड्रम कसे चालतील, हा त्याच प्रश्नाचा आजचा अवतार. पहिल्याचं उत्तर आपल्याला पटलेलं असेल, तर दुसऱ्याला वेगळं उत्तर देण्याचं कारण दाखवून द्यावं लागेल. मला ते सापडलेलं नाही.

दुसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. तो असा, की संगीत हे आमिष आहे. पोरांना गिटार आवडते ना, मग गिटारीच्या गळाला बायबल लावा आणि टाका पाण्यात. हा आक्षेप दोन्ही बाजूंनी येतो. मेटलवाले म्हणतात, तुम्ही आमचं संगीत वापरताय. धर्मांतराची धास्ती घेतलेले म्हणतात, तुम्ही आमची मुलं पळवताय. आमच्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात हा शब्द किती तापलेला आहे हे मला सांगायला नको. एखाद्या पाड्यावर कुणी गिटार घेऊन प्रार्थनेला बसलं तरी गावात कुजबुज सुरू होते. ती कुजबुज सगळी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. भक्तीला साधन बनवणारी माणसं सगळ्याच धर्मांत आहेत, आणि गाणं हे त्यांचं आवडतं साधन आहे.

मघाची अट ती इथेच. समोर एकही माणूस वळवायला नसेल, श्रोता नसेल, तरी हा माणूस हेच संगीत वाजवेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो त्याचा स्वतःचा सूर आहे आणि त्यातली प्रार्थनाही त्याची स्वतःची. उत्तर ‘नाही’ असेल, तर ते आमिष आहे, मग त्यातले शब्द कितीही पवित्र असोत. टिळक या कसोटीला उतरतात. ते ख्रिस्ती होण्याआधीच कवी होते, मराठी संतांची बोली त्यांच्या रक्तात होती. ख्रिस्ती झाल्यावर दुसऱ्या कुठल्या भाषेत ते देवाशी बोलणार होते?

स्ट्रायपरचे लोकही या कसोटीला उतरतात, असं माझं मत आहे. ते आधीपासून मेटलच वाजवत होते. मायकल स्वीटचा उंच चढत जाणारा आवाज, त्याची आणि फॉक्सची एकमेकींना बिलगून धावणारी गिटारीची जोडी, आणि प्रेक्षकांना हात-पाय दिसावेत म्हणून ड्रम आडवे मांडून बसणारा रॉबर्ट. या गोष्टी कुणी प्रचारासाठी शिकत नाही. त्या वर्षानुवर्षांच्या रियाजाने येतात आणि रियाज प्रेमाशिवाय होत नाही.

पण त्यांची एक गोष्ट मला खटकते. ते कार्यक्रमात स्टेजवरून नव्या कराराच्या प्रती प्रेक्षकांत फेकत. त्यांच्या जगात वादक ड्रमच्या काठ्या फेकतात, गिटारचे पिक फेकतात, आणि झेलणारा ते जन्मभर जपतो. त्या रिवाजात ती भेटच होती, हे मी समजू शकतो. तरीही आपल्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात. ग्रंथ हवेतून यावा आणि कुणाच्या खांद्यावर आदळावा, हे माझ्या मनाला पटत नाही. शिवाय त्या क्षणी संगीत थांबतं आणि वाटप सुरू होतं. गाणं पुरेसं नाही अशी ती कबुली आहे. त्यांचं गाणं पुरेसं होतं.

1988 च्या रेकॉर्डमध्ये आवाज मवाळ झाला, आणि 1990 मध्ये ‘अगेन्स्ट द लॉ’ आली. तिच्यात पिवळे-काळे पट्टे गेले आणि देवाचा उघड उल्लेखही जवळजवळ गेला. आम्हीही अस्सल रॉकवाले आहोत हे मेटलच्या जगाला पटवायचा तो प्रयत्न होता. वाजवणं उत्तम, पण रेकॉर्ड चालली नाही. ज्यांना येशू नको होता त्यांना हा बँड तोपर्यंत नकोसाच झाला होता, आणि ज्यांना हवा होता त्यांना येशूच सापडेना. 1992 मध्ये मायकल बाहेर पडला आणि लवकरच बँड संपला. मी याकडे धार्मिक शिक्षा म्हणून पाहत नाही. स्वतःच्या अर्ध्या अंगाला घरी ठेवून स्टेजवर जाता येत नाही, एवढंच ते सांगतं. आधी चर्चने त्यांना केस आणि गिटार टाकून या म्हटलं, मग बाजाराने देव टाकून या म्हटलं. दोन्ही मागण्या सारख्याच क्रूर होत्या. दुसरी त्यांनी काही काळ मानली, हे त्यांचं अपयश.

मात्र गोष्ट तिथे थांबली नाही. 2003 मध्ये ते पुन्हा एकत्र आले, 2005 मध्ये नवी रेकॉर्ड निघाली, आणि तेव्हापासून ते थांबलेले नाहीत. संगीत पूर्वीपेक्षा जड झालं आहे. 2009 मध्ये मायकलची पत्नी कर्करोगाने गेली, 2018 मध्ये फॉक्स यांना मेंदूत गाठी असल्याचं कळलं, तरी बँड वाजवत राहिला. 2018 च्या रेकॉर्डचं नाव ‘गॉड डॅम इव्हिल’. दुष्टाईचा नाश कर अशी देवाला केलेली ती विनवणी. वॉलमार्टने नावावरूनच ती विकायला नकार दिला. पस्तीस वर्षांनंतरही आक्षेप कायम होता, फक्त आक्षेप घेणारा बदलला होता. 2024 मध्येही त्यांची नवी रेकॉर्ड आली. तरुणपणी ज्यांना ढोंगी म्हटलं ती माणसं साठीत तेच गातायत. आमिषाचा धंदा इतकी वर्षं पदरमोड करून कुणी चालवत नाही.

या कसोटीवर आणखी अवघड प्रकरणही घासून पाहता येतं. नव्वदीच्या सुरुवातीला नॉर्वेत ब्लॅक मेटल नावाचा प्रकार उभा राहिला आणि त्यातल्या काहींनी खरोखर चर्च जाळली. बर्गनजवळचं फांटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च 1992 मध्ये राख झालं. 1994 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेसन शेरलॉक या ड्रमवादकाने त्याच संगीतात, तोच किंचाळणारा आवाज घेऊन, टोपणनावाने ‘होर्ड’ ही एकट्याची रेकॉर्ड केली. तिच्यातले शब्द ख्रिस्ताच्या बाजूचे. रेकॉर्ड काढणाऱ्या जर्मन कंपनीला धमक्या आल्या, हा माणूस कोण ते सांगा म्हणून. मला तो आवाज ऐकवत नाही, हे खरं. पण शेरलॉक वर्षानुवर्षं अशाच संगीतात ड्रम वाजवत आला होता. त्याच्यासाठी ती उसनी भाषा नव्हती. माझ्या कानाला झेपत नाही म्हणून ती प्रार्थना नव्हे, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. फिनलंडच्या लुथरन मंडळींनी 2006 मध्ये हेलसिंकीत जुनी भक्तिगीतं मेटलमध्ये बसवून चक्क उपासनाच केली. ती कल्पना लोकांनी उचलून धरली आणि चर्चही कोसळलं नाही.

आता खानदेशाकडे येतो, कारण मला बोलायचं आहे ते इथल्या माणसांशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पश्चिम खानदेशात स्कॅन्डिनेव्हियन मिशनरी आले. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावात त्यांच्या अलायन्स मिशनची खूण आजही आहे. या चळवळीमागचा फ्रेडरिक फ्रान्सन हा जन्माने स्वीडिश. स्वीडिश अलायन्स मिशनचं मुख्य ठाणं यॉनशॉपिंग या गावी. तिथल्या धार्मिकतेमुळे त्या गावाला त्या मुलखाचं जेरुसलेम म्हणतात. आणि त्याच यॉनशॉपिंगमध्ये 1996 साली ‘नार्निया’ हा ख्रिस्ती मेटल बँड जन्मला, जो आजही वाजवतो. स्वीडनच्या मुक्त चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकापासूनच गिटारी घेऊन गाणारे भजनी ताफे होते, त्यामुळे तिथल्या पोरांनी गिटारीला वीज जोडली तेव्हा फार मोठी उडी मारली असं नव्हतं. ज्या मातीतून इथल्या कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांची मुळं आली, त्या मातीने हे संगीत पचवलं. मग इथल्या मंडळींनी ड्रमसेट दिसताच कपाळाला आठ्या का घालाव्यात?

आणि मोठ्या आवाजाला बिचकावं असा हा मुलूखच नाही. काठीच्या होळीला सातपुड्यात जे मोठाले ढोल घुमतात ते छातीत वाजतात. पावरीचा सूर रात्रभर माणसं नाचवतो. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला निघालेली गल्ली पाहा, किंवा लग्नसराईत अहिराणी गाण्यांवर बँडवाल्यांच्या मागे नाचणारी वरात पाहा. ज्याला मेटलवाले ‘जड’ म्हणतात तो दणका इथे प्रत्येकाला लहानपणीच ओळखीचा होतो. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने ढोल आणि मेटल एकत्र वाजवून जगभरचे मंच गाजवले, ढोल आणि विजेची गिटार यांचं जमतं, याला आणखी पुरावा नको. भिल्ल, पावरा, कोकणी घरातलं एखादं पोर चर्चमध्ये येतं तेव्हा ढोल दाराबाहेर ठेवायचा, आणि आत परक्या चालीचं गीत संथपणे म्हणायचं, हा सौदा मला अन्यायाचा वाटतो. ढोल जुन्या देवांपुढे वाजला, दारूच्या रात्री वाजला, म्हणून तो विटाळलेला, हे तर्कट स्ट्रायपरच्या गिटारीवर लावलेल्या तर्कटाहून वेगळं नाही. शिलाँग, ऐझॉल, कोहिमाकडे गिटार आणि ड्रम चर्चमध्ये सहज वाजतात. तिथली भक्ती त्याने पातळ झालेली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. मोठा आवाज ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. शेजारी आजारी माणूस असताना कर्ण्यावर लावलेलं भजन, अजान किंवा येशूचं गाणं हे भक्तीचं काम नाही. मेटलचं एक बरं असतं, की ते हॉलमध्ये, दार लावून, ज्यांना हवं त्यांनाच ऐकवलं जातं. डीजेच्या भिंतींनी गाव हादरवणाऱ्या आमच्या मिरवणुकांनी, त्या कुठल्याही धर्माच्या असोत, हा धडा घ्यायला हरकत नाही.

म्हणून खानदेशातल्या मंडळ्यांच्या पंचांना माझी विनंती आहे. तुमच्या मंडळीत एखाद्या पोराच्या हातात विजेची गिटार असेल किंवा गळ्यात ढोल असेल, तर त्याला बाहेर पाठवू नका. तो हे वाद्य एकटा असतानाही वाजवतो का, एवढं विचारा. वाजवत असेल, तर पुढच्या रविवारी त्याला आत, पुढे उभं करा. आणि तोच प्रश्न भजनी मंडळांनीही आपल्या तरुणांना विचारावा. तरुणांनो, तुम्हालाही सांगतो. गर्दी जमावी म्हणून वाजवू नका, कुणाला ओढून आणायचं म्हणून तर मुळीच वाजवू नका. ते संगीत तुमचं असेल तर ते अर्धं घरी ठेवून येऊ नका. जे आहे ते सगळं घेऊन या.